सरावाच्या खोलीतला खोकला

आमच्या बॅण्डमध्ये सगळेच खोकायचे. ट्रम्पेटवाला खोकायचा, युफोनियमवाला खोकायचा, सॅक्सोफोनवाला तर दोन गाण्यांच्या मध्ये ठरल्यासारखा खोकायचा. ढोलवाल्याला फुंकायचं काही काम नसतं, तरी तोही खोकायचा. आम्ही त्याला 'सीझनचा खोकला' म्हणायचो. तुळशीचं लग्न लागलं की तो यायचा आणि ज्येष्ठातली शेवटची लग्नं उरकली की जायचा. त्या वर्षी मला जो खोकला आला, तो मात्र जायला तयार नव्हता.

माझं नाव भागवत. वय सत्तेचाळीस. पारोळ्यात आमची पिठाची गिरणी आहे, आणि तीस वर्षं मी गावातल्या बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. मला फुप्फुसाचा टीबी झाला होता. आता मी बरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. मला जेव्हा हा आजार सांगितला, तेव्हा मी अशा माणसाच्या शोधात होतो ज्याला तो होऊन गेलाय आणि जो आता समोर बसून चहा पितोय. तसा माणूस मला भेटला नाही. म्हणजे असतील पुष्कळ, पण कोणी सांगत नाही.

*

आधी ती खोली सांगतो. तिची आठवण मला अजून गोडच वाटते. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिच्याबद्दल नंतर कितीही सांगितलं तरी.

बाजार समितीच्या मागच्या बाजूला कापसाचं एक जुनं गोदाम आहे. त्याचा एक कोपरा भिंत घालून वेगळा केलेला. पुढच्या भागात आमचा सराव, मागच्या एवढ्याशा खणात आबा राहायचे. आबा म्हणजे आमच्या बॅण्डचे मास्तर. बाहेरची माणसं त्यांना मास्तर म्हणत, आम्ही आबा. सत्तरी ओलांडलेले, काटक, पांढरी टोपी, आणि बोटं अशी लांब की क्लॅरिनेट त्यांच्या हातात लहान दिसायचं. मी सोळा वर्षांचा असताना त्यांनी मला वाद्याला तोंड कसं लावायचं ते शिकवलं. त्यांच्याच वाद्यावर शिकवलं. त्यांनी वाजवून दाखवायचं, धोतराच्या सोग्याला तोंडपट्टी पुसायची आणि माझ्या हातात द्यायची. उष्टं वगैरे काही मनातही यायचं नाही. गुरूच्या तोंडचं वाद्य आपल्या तोंडाला लागलं, यात मला मानच वाटायचा.

दसरा झाला की सराव सुरू व्हायचा. चौदा माणसं. संध्याकाळी गिरणी, दुकान, शेत आवरून सगळे जमायचे. नवीन गाणी आबा आधी स्वतः ऐकून बसवायचे आणि मग आम्हाला एकेक ओळ द्यायचे. आता गंमत अशी की गावात दुसराही एक बॅण्ड आहे. आमची नवी गाणी त्यांच्या कानावर पडली तर सीझनच्या आधीच ती त्यांच्या मिरवणुकीत वाजणार. म्हणून आबांनी खोलीच्या दोन्ही खिडक्यांना कापसाने भरलेली पोती ठोकून लावली होती. दारही आतून बंद. आत दोन ट्यूबलाइटी, चौदा माणसं, पितळी वाद्यांचा दणदणाट, आणि हवा इतकी कोंदट की अर्ध्या तासात शर्ट अंगाला चिकटायचे. वाद्यांत श्वासाचं साठलेलं पाणी आम्ही तिथेच फरशीवर झटकायचो. मध्येच कोणीतरी चहाची किटली आणायचा, आबा शेव-मुरमुरे काढायचे. त्या वासाची, घाम, पितळ, ओला कापूस आणि चहा यांच्या एकत्र वासाची, मला अजून आठवण येते. चुकीचं आहे, पण येते.

*

खोकला दिवाळीनंतर लागला. घरी शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "गिरणीच्या पिठानं झालाय. तोंडाला फडकं बांधत जा." मलाही ते पटलं. गावातल्या एका डॉक्टरांनी पातळ औषध दिलं, ते संपलं, दुसरं दिलं, तेही संपलं. संध्याकाळी अंग कसकसायचं. मी म्हणायचो, दगदग आहे. पॅण्ट सैल झाली, तर पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. लोक म्हणाले, "भागवत, बारीक झालास, बरा दिसतोस." मीही खूश.

माघात सोनगीरला लग्न होतं. भर दुपारचं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला, आम्ही पुढे. वर किल्ला, पलीकडे महामार्गावरून ट्रकांची रांग, आणि उन्हात लाल-सोनेरी पोशाख घातलेले आम्ही. वऱ्हाडातल्या मामालोकांनी घोडा अडवून एका गाण्याची फर्माईश केली. सुरुवात माझ्या क्लॅरिनेटची होती. मी श्वास घेतला, फुंकला, आणि छातीत काहीतरी उसळलं. खोकला आला. थांबेना. मी बाजूला झालो, रुमाल तोंडाला लावला. रुमाल लाल झाला.

माझा मित्र गोकुळ ट्रम्पेट वाजवतो. आम्ही एका वर्गातले. त्याने रुमाल बघितला, वाद्य दुसऱ्याच्या हातात दिलं आणि मला धरून एका ओट्यावर बसवलं. मागे बॅण्ड वाजतच होता. आबांनी मान वळवून आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा नवरदेवाकडे वळले. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

गोकुळनेच मला तिथून रिक्षात घालून धुळ्याला नेलं. मी बॅण्डच्या पोशाखातच होतो. खांद्यावर सोनेरी झालरी. दवाखान्यातली माणसं वळून वळून बघत होती.

*

एक्स-रे झाला, थुंकीची डबी दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी बोलावलं. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. तोंडाला मास्क. खुर्ची त्यांनी खिडकीजवळ ओढली आणि मला म्हणाल्या, "बसा. टीबी आहे. गोळ्या सहा महिने घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. बरा होतो."

शेवटचे दोन शब्द मला ऐकूच आले नाहीत. माझ्या डोक्यात फक्त ऋतुजा होती. माझी मुलगी, तेव्हा बारावीत. माझ्याशेजारी बसून अभ्यास करायची. पहाटे मला खोकल्याची उबळ आली की ती उठून पाणी आणून द्यायची.

मी विचारलं, "बाई, हे मला वाद्यातून झालं का? आम्ही एकमेकांची वाद्यं तोंडाला लावतो."

त्यांनी मला सराव कुठे करता, किती जण, किती वेळ, सगळं विचारलं. मी खिडक्यांच्या पोत्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वाद्य धुऊन घेत जा, ज्याचं त्याने वापरा, ते चांगलंच," त्या म्हणाल्या. "पण हा आजार उष्ट्याने फारसा होत नाही. हवेतून होतो. आजारी माणूस खोकतो, जोरात बोलतो, गातो, तेव्हा छातीतून बारीक कण बाहेर येतात आणि हवेत तरंगत राहतात. उघड्यावर वाऱ्याने जातात. बंद खोलीत जात नाहीत. आणि तुमचं तर कामच खोल श्वास घ्यायचं. दोन-दोन तास तीच हवा चौदा जणांनी ओढली."

तीस वर्षं आम्ही गाणी बाहेर जाऊ नयेत म्हणून जपत होतो.

*

रक्त पडलं होतं म्हणून अकरा दिवस ठेवून घेतलं. वॉर्डातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. माघातली थंडी, दोन पांघरुणं घेऊनही पाय गार. सकाळी गोळ्या, मूठभर. त्यानंतर मळमळ. लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून सिस्टरना बोलावलं. त्या हसल्या, "गोळीचा रंग आहे, दादा. होळी लवकर आली म्हणा." हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझी एक सकाळ वाचली असती, म्हणून इथे लिहून ठेवतो.

शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याकडचा रायसिंग होता. मजुरीला गुजरातेत जायचा. दुसऱ्यांदा टीबी झालेला. पहिल्यांदा बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. माझी बोटं सवयीने पांघरुणावर हलत असायची. त्याने एकदा विचारलं, "काय करता?" मी म्हटलं, "क्लॅरिनेट वाजवतो." त्याने आपली काठी पुढे केली. मी त्या काठीवर बोटं ठेवून अख्खं गाणं वाजवलं, न फुंकता. तो मन लावून बघत होता. संपल्यावर म्हणाला, "चांगलं आहे. पण आवाज नाही आला." अकरा दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. हसताना खोकला आला, पण रक्त आलं नाही.

शोभा रोज दुपारी पारोळ्याहून बसने यायची, डबा घेऊन. पहिले तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाली, "छातीतून रक्त येईपर्यंत वाजवत होतात. एकदा तरी मनात आलं का, घरात तरणी पोर आहे?" तिने भाकरी मोडून माझ्या हातात दिली आणि पदर डोळ्यांना लावला. खाटेच्या कडेला बसायला ती घाबरत नव्हती. घाबरत होती ती गावाला. "कोणी विचारलं तर निमोनिया सांगायचं," ती म्हणाली. "ऋतुजाचं पुढं सगळं आहे."

*

सहाव्या दिवशी टीबीच्या कामावरचे संजूभाऊ आले. मोटारसायकलवर गावोगाव फिरून पेशंटची चौकशी करणं हे त्यांचं काम. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "घरातली माणसं मी पारोळ्याला बघतो. तुम्ही मला त्या खोलीत बसणाऱ्यांची नावं द्या. सगळ्यांची तपासणी करू. कोणाला काही सांगत नाही, तुमचं नावही घेत नाही."

मी म्हटलं, "उद्या देतो."

आणि त्याच संध्याकाळी आबा मला भेटायला आले. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. इथे मी सगळ्यांना कळावं म्हणून सोपं करून लिहितोय. आबांचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवतो, ते मला दुसऱ्या कशात लिहिताच येत नाही.

त्यांनी केळी आणली होती. ती उशाशी ठेवली आणि खाटेशेजारी बसले. वॉर्ड बघत होते. मग खाली वाकून म्हणाले, "भागवत, मनं नाव त्या कागदवर नको लिखू."

दुपारी गोकुळ मला भेटून गेला होता, त्याच्याकडून त्यांना कागदाचं कळलं होतं.

"आबा, नुसती तपासणी आहे."

"माले काही व्हयेल नही. हाऊ खोकला चाळीस वरीसपाईन शे. आन् सीझन चालू शे. लोकेसले समजनं ते बठ्ठ्या सुपाऱ्या मोडतीन."

सुपाऱ्या म्हणजे लग्नांची ठरलेली कामं. एवढं बोलताना ते दोनदा खोकले. मी ऐकत होतो. आबा कधीपासून खोकतात हे मी वर्षानुवर्षं ऐकत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी बारा नावं लिहिली. माझं तेरावं. चौदावं लिहिलं नाही.

*

घरी आलो. पुढची ओसरी माझी. दारं-खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क. ऋतुजाची तपासणी झाली, तिला आजार नव्हता. तरी खबरदारी म्हणून तिलाही काही महिने गोळ्या दिल्या. परीक्षा तोंडावर आलेली. तिच्या मामाने तिला धुळ्याला नेलं. जाताना ती अंगणात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "पप्पा, मी काही घाबरून चालली नाहीये. तिथं खोली वेगळी आहे म्हणून चालले." शेजारच्या अक्का ऐकत होत्या. शोभाच्या निमोनियाचं तिथेच मातेरं झालं.

गावाला कळलं. गिरणीवर दळण कमी झालं. रोजच्या बायका डबे घेऊन पलीकडच्या गिरणीकडे जायला लागल्या. त्यांना तरी काय बोलणार? मलाही कोणी सांगितलं असतं की पिठाच्या गिरणीवाल्याला टीबी आहे, तर मीही गेलो नसतो. शोभा एकटी गिरणी चालवायची, दोन-तीन पायल्यांसाठी पट्टा चढवायची. एक दिवस शेजारच्या अक्काच ज्वारीचा डबा घेऊन आल्या आणि गिरणीच्या दारात बसून राहिल्या. दळण झाल्यावरही उठल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हाका मारत होत्या, "काय गं, आज दळण नाही का?" असं त्यांनी आठवडाभर केलं. माझ्या आजाराबद्दल माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

ताटाचंही सांगतो. शोभाने माझं ताट-वाटी वेगळी काढली होती. डॉक्टरबाईंनी तपासणीच्या वेळी तिला सांगितलं की ताट वेगळं ठेवून काही होत नाही, खिडकी उघडी ठेवा, गोळी चुकवू देऊ नका. त्या दिवशी घरी आल्यावर तिने माझं ताट बाकीच्या भांड्यांत घासून फळीवर लावलं. कुठलं ताट माझं होतं ते पुन्हा ओळखू आलं नाही.

*

चैत्रात गोकुळ आला. ओसरीच्या पायरीवर बसला, आत आला नाही.

"भागवत, मलाही निघालं," तो म्हणाला.

पहिल्या तपासणीत तो बरा होता. मग ताप यायला लागला. तो पुन्हा स्वतःहून गेला आणि थुंकीत सापडलं. या दोन महिन्यांत बॅण्ड बंद नव्हता. उन्हाळ्याच्या लग्नांची नवी गाणी बसवायची होती, म्हणून त्याच खोलीत, त्याच पोत्यांआड सराव चालू होता. आणि खोकणारे आबा मध्यभागी बसून शिकवत होते.

मी गोकुळला सांगितलं. त्या कागदावर आबांचं नाव मी लिहिलं नाही, हे सांगितलं.

त्याला दोन लहान मुली आहेत. मला वाटलं, आता हा उठेल आणि पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही. तो उठला. चप्पल घातली. म्हणाला, "आबांकडे तू जायचंस. मी आलो तर मी काहीतरी बोलून जाईन." आणि गेला.

त्याच दिवशी डॉक्टरबाईंनाही मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, गोकुळला कदाचित आधीच लागण झाली असेल, कोणाकडून कोणाला हे सांगता येत नाही. हे त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं. मी तो घेतला, पण पुरता नाही. चौदावी ओळ मी रिकामी ठेवली होती, हे खरंच आहे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात गेलो. आबा एकटेच होते, मागच्या खणात, खाटेवर. दार उघडलं तर आतली हवा अंगावर आली. मी आत न बसता त्यांना धरून बाहेर आणलं आणि त्यांची खाट उचलून कडुनिंबाखाली ठेवली. त्यांनी विरोध केला नाही. खाट हलकी लागली, आणि तेही.

"गोकुळलाही निघालं, आबा."

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर हात फिरवत राहिले. मग विचारलं, "तुले हाऊ रोग मीच दिधा का रे?"

"कोणी कोणाला दिला हे सांगता येत नाही. डॉक्टरबाईच म्हणाल्या."

"तू सांग."

मी म्हटलं, "तुम्ही मला क्लॅरिनेट दिलं. बाकीचं मला माहीत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तरुणपणी ते धुळ्याच्या एका बॅण्डमध्ये होते. तिथे त्यांना हाच आजार झाला होता. बॅण्डमधून काढलं. चहा फुटक्या कपात मिळायला लागला. ठरलेलं लग्न मोडलं, आणि पुन्हा ठरलंच नाही. "दोन महिना गोळ्या खाद्यात. बरं वाटनं, सोडी दिध्यात. रोज दवाखानामा जावं पडे. दारमा कोन्ही देखी लिधं ते?" म्हणून पारोळ्याला आले, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, आणि स्वतःचा बॅण्ड उभा केला. माणसं जोडली. आणि खोकला लपवायला त्यांना याहून चांगली जागा मिळाली नसती, कारण इथे सगळेच खोकत होते.

"सोनगीरमा तुना रुमाल देखा," ते म्हणाले, "तवयच समजनं. पन माले भ्याव वाटस, भागवत. आते बठ्ठा सोडी जातीन. मी कोठे जाऊ?"

आबांना मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. हजार माणसांच्या मिरवणुकीत घोडा उधळला तरी ते वाजवत राहायचे. मी त्यांच्या पायाशी, जमिनीवर बसलो. "मला झालं, तर तुम्ही केळी घेऊन आलात. मी कुठं सोडून गेलो? आज आलोय ना?"

तेवढ्यात फाटकाशी गोकुळ दिसला. येणार नाही म्हणाला होता, तरी आला. आत आला, आबांच्या समोर उभा राहिला. चेहरा तापाने ओढलेला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "आबा, टोपी घाला. संजूभाऊंना बोलावलंय, फाट्यावर थांबलेत."

आबांनी टोपी घातली. "चाल," म्हणाले.

*

आबांचा आजार जुना निघाला. त्यांना जळगावला ठेवावं लागलं, औषधंही आमच्यापेक्षा जास्त दिवसांची. बॅण्डमधल्या सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली. आणखी कोणाला निघालं नाही. ज्येष्ठापर्यंतच्या बऱ्याच सुपाऱ्या मोडल्या. पण आबांना जी भीती होती, की माणसं सोडून जातील, ती खरी ठरली नाही. दोघे गेले, बाकीचे राहिले. युफोनियमवाला दर आठवड्याला जळगावला जाऊन त्यांची दाढी करून द्यायचा.

मी श्रावणात गोळ्या संपवल्या. थुंकी साफ आली. शोभाने रिकाम्या पाकिटांची पिशवी फेकताना विचारलं, "आठवण म्हणून ठेवायचंय का एखादं?" मी म्हटलं, "फेक." ऋतुजा पास होऊन घरी आली होती. तिने नर्सिंगला नाव घातलं आहे. मी काही सुचवलं नव्हतं.

क्लॅरिनेट सहा महिने पेटीत होतं. मी ते गरम पाण्याने आणि साबणाने जमेल तेवढं पुसलं, तोंडपट्टी नवी आणली. फुंकलं. पहिला सूर फाटका आला. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की फुप्फुसाच्या एका बाजूला वण राहिला आहे, पूर्वीसारखा दम येईलच असं नाही. मी रोज थोडं थोडं वाजवू लागलो, नदीकाठी, एकटाच.

दसऱ्यानंतर सराव सुरू करायची वेळ आली तेव्हा मीच म्हटलं, आता गोदाम नको. आम्ही बोरी नदीच्या काठी, पुलाच्या अलीकडे मोकळ्या जागेत जमतो. अंतर ठेवून बसतो. ज्याला खोकला आहे तो त्या दिवशी घरी, आणि दोन आठवडे राहिला तर तपासणी, मग तो मास्तर का असेना. हा नियम आबांनीच घातला आहे. दुसऱ्या बॅण्डची माणसं पुलावर उभी राहून आमची नवी गाणी ऐकतात. ऐकू देत. मागच्या आठवड्यात त्यांच्यातला एक जण खाली उतरून आला आणि हळूच मला विचारलं, तपासणी कुठं करतात. मी त्याला संजूभाऊंचा नंबर दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो. ज्यांना हे वाचून तसं विचारावंसं वाटतंय, त्यांनी विचारा. लाजेत जे महिने जातात, त्यांत खोकला एकट्याचा राहत नाही.

त्या जुन्या खोलीची आठवण मात्र जात नाही. उघड्यावर आवाज पसरतो, वाऱ्याबरोबर निघून जातो. तिथे तो चहूबाजूंनी अंगावर यायचा. तसं पुन्हा ऐकायला मिळणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

*

आबांचीही औषधं आता संपली आहेत. वाजवायची त्यांना मनाई आहे, आणि दमही नाही. रिक्षाने येतात, खुर्चीवर बसून हाताने ताल दाखवतात.

परवा बोदवडच्या लग्नासाठी एक जुनी चाल पुन्हा बसवत होतो. तिच्यात क्लॅरिनेटचा एक लांबलचक सूर आहे. मी तो वर्षानुवर्षं एका श्वासात काढला. त्या दिवशी मी धरला, आणि निम्म्यावर छाती रिकामी झाली. सूर तुटला. सगळे थांबतील असं वाटलं. पण गोकुळने ट्रम्पेट उचललं होतं. त्याचाही दम आता पूर्वीचा नाही, तरी मी जिथे सोडला होता तिथून त्याने तो सूर हळू आवाजात धरला आणि शेवटपर्यंत नेला.

मी आबांकडे बघितलं. चूक झाली की ते हात वर करून सगळ्यांना थांबवतात. हात वर झाला होता. थोडा वेळ तसाच राहिला. मग खाली आला.

"असंच ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले.

बोदवडला स्टेशनच्या रस्त्यावर आम्ही ती चाल तशीच वाजवली. निम्म्यापर्यंत मी, पुढे गोकुळ. मिरवणुकीतला एक म्हातारा कौतुकाने जवळ आला आणि म्हणाला, हा सूर दोघांत वाटून घ्यायची कल्पना कोणाची?